‘बर्फ व्हाइट’च्या मागे

शनिवारी सकाळी सहा वाजता हाफ पँट, पायात फ्लोटर्स आणि खांद्यावर गुलाबी फ्लेमिंगोंचा टॉवेल अशा थाटात मी दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या फ्लॅटमधून बाहेर पडलो आणि डोंगरावर बर्फ बघायला निघालो. या पोशाखाचा खुलासा आधी करतो, नाहीतर तुम्ही मला वेडा समजाल. मी वेडा नव्हतो, खोटारडा होतो. बायकोला, म्हणजे मेधाला, मी सांगितलं होतं की अण्णांना रास अल खैमाच्या समुद्रावर नेतो. थाप मारायची तर थापेला साजेसे कपडेसुद्धा घालावेत, असं माझं मत होतं. ते मी त्याच दिवशी दुपारच्या आत बदललं.

‘‘एवढ्या गार हवेत समुद्रावर?’’ दारात मेधाने विचारलं.

‘‘वाळूत बसू नुसते.’’

‘‘त्यांना वारा लागू देऊ नकोस. आणि गोळ्यांची डबी?’’

‘‘बॅगेत आहे,’’ मी म्हणालो. तेवढं मात्र खरं होतं.

अण्णा म्हणजे मेधाचे वडील. वय बहात्तर, मागच्या वर्षी बायपास झालेली. हर्णै बंदरातल्या बर्फाच्या कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं काढली. मिठाच्या पाण्यात बुडवलेले पत्र्याचे उंच डबे, त्यातून सुटणाऱ्या लाद्या, लाद्या ओढायचे चिमटे, होड्यांवर जाणारा चुरा, हे त्यांचं जग. इतका बर्फ हाताखालून गेला, पण आपोआप पडलेला बर्फ त्यांनी कधी पाहिला नव्हता. दोनदा मनालीची तिकिटं काढली. पहिल्या खेपेला सासूबाई आजारी पडल्या, दुसऱ्या खेपेला अण्णांचीच छाती दुखली. आता डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की थंडीपासून जपायचं आणि जिभेखाली ठेवायची गोळी कायम जवळ बाळगायची. मंगळवारी त्यांचं परतीचं विमान होतं. ‘आता काही पुन्हा येणं होत नाही’ हे वाक्य ते रोज आमटी वाढून घेताना म्हणत.

मी दुबईत एसी विकतो. सासरे बर्फवाले, जावई एसीवाला; आमचं नातं जमलं तेच थंडीवर. यंदा मात्र थंडीने माझा धंदा बसवला होता. एरवी मार्च अर्धा सरला की इथली माणसं एसीसाठी फोनवर फोन करतात. यंदा हिवाळा जायचं नावच घेईना. अल बर्शातल्या आमच्या ऑफिसात सगळे जॅकेट चढवून बसत, आणि मी न वाजणाऱ्या फोनकडे बघत बसे. त्यात बुधवारी रास अल खैमाच्या जेबेल जैस या डोंगरावर बर्फ पडला. काळ्या खडकांवर पांढरी चादर, असा एक व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला. अण्णांनी तो नाकाजवळ धरून अकरा वेळा पाहिला आणि काही न बोलता फोन मला परत दिला.

ते बोलले असते तर मी काहीतरी उत्तर देऊन सुटलो असतो.

‘‘अण्णा,’’ मी हळूच म्हणालो, ‘‘शनिवारी जाऊ. मेधाला कळता कामा नये.’’

‘‘जावईबापू,’’ अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले, ‘‘मी काही ऐकलं नाही. किती वाजता तयार राहू?’’

शारजा मागे पडलं, तसे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळूचे ढिगारे लागले. एरवी मार्चमध्ये त्यांच्यावर हिरवी लव असते. यंदा सगळं अजून करडंच होतं. एका पेट्रोल पंपावर आम्ही करक (दाट उकळलेला, वेलदोड्याचा चहा) घ्यायला थांबलो. चहावाला केरळचा होता. माझ्या उघड्या गुडघ्यांकडे बघत त्याने विचारलं, ‘‘किधर, बीच?’’

‘‘जैस. बर्फ देखने.’’

‘‘वो तो परसों था, भाई. अभी खलास.’’

अण्णांनी कप खाली ठेवला. ‘‘संपला म्हणतो.’’

‘‘चहा विकणाऱ्याला बर्फातलं काय कळतं?’’ मी म्हणालो खरा, पण गाडीचा वेग नकळत वाढवला. बर्फ वितळायच्या आत पोचायचं, तीन वाजेपर्यंत घरी परतायचं आणि मधल्या वेळात या माणसाच्या छातीला काही होता कामा नये. एवढं सगळं मी एका हाफ पँटच्या भरवशावर अंगावर घेतलं होतं.

डोंगराचा रस्ता सुरू झाला. झाड नाही, गवत नाही, उघडे तपकिरी सुळके आणि त्यांना विळखा घालत चढणारा गुळगुळीत डांबरी रस्ता. गाडीच्या काचेखाली बाहेरचं तापमान दिसतं. अण्णा ते मोठ्याने वाचू लागले. कारखान्यात टाकीचं तापमान असंच वाचत असणार.

‘‘सतरा... बारा... आठ. जावईबापू, छान उतरतंय.’’

‘‘तुम्हाला थंडी वाजतेय का?’’

‘‘तुम्हाला वाजतेय. तुमचे गुडघे निळे पडलेत.’’

वरच्या, दरी बघायला बांधलेल्या सज्ज्यावर पोचलो तेव्हा आकडा तीनवर होता. दोन-तीनशे माणसं जमली होती. कुणी कानटोप्या घातलेल्या, कुणी घरातली रजईच पांघरून आणलेली. प्रत्येक जण दुसऱ्याला ‘कुठे आहे?’ म्हणून विचारत होता. बर्फ कुठेच नव्हता. ओले खडक होते, वारा होता, आणि फ्लेमिंगोंचा टॉवेल लपेटून उभा असलेला मी होतो. अण्णांनी सज्ज्याच्या कठड्याला हात लावून पाहिला.

‘‘लोखंड चांगलं गार आहे,’’ ते म्हणाले. माझी समजूत काढत होते! त्याने मी आणखीच खजील झालो.

परत फिरलो. तीन वळणं उतरलो असू, तेवढ्यात रस्त्याकडेला एक म्हातारा दिसला. पांढरी दाढी, खांद्यावर जाड घोंगडी, मागे पिकअप, आजूबाजूला वीसेक शेळ्या. हातात जर्झ होती (टोकाला छोटी कुऱ्हाड बसवलेली काठी, या डोंगरातले लोक ती अजून बाळगतात). मी गाडी थांबवली. अकरा वर्षांत मी जेमतेम चाळीस अरबी शब्द कमावलेत, त्यातले निम्मे खाण्याचे. अण्णांवर छाप पाडायची ही संधी मी सोडणं शक्यच नव्हतं.

‘‘सलाम अलैकुम, हबीबी! फी...’’ म्हणजे ‘आहे का’, आणि इथे शब्द संपले. बर्फाला अरबीत काय म्हणतात कोण जाणे! मग मी दोन्ही हातांची बोटं हलवत आकाशातून काहीतरी भुरुभुरु पाडून दाखवलं आणि डोंगराकडे बोट केलं.

म्हाताऱ्याने माझं तोंड बघितलं, माझे गुडघे बघितले, मग अण्णांकडे नीट निरखून पाहिलं. भुवया आक्रसून तो मोठ्याने म्हणाला, ‘‘बर्द वायिद! बर्द वायिद! इस्बर!’’ आणि पाचही बोटांची टोकं जुळवून, हात उभा धरून, वरखाली हलवला.

मी विजयी मुद्रेने अण्णांकडे वळलो. ‘‘ऐकलंत? बर्फ! व्हाइट! आणि ‘इसपर’ म्हणतोय. हात बघा, वर, वर! त्या घळीत आहे.’’

‘‘तुम्हाला अरबी येतं हो,’’ अण्णा म्हणाले. बारा वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलंच कौतुक. त्या कौतुकाच्या भरात मी गाडी कडेला लावली आणि आम्ही शेळ्यांच्या वाटेने घळीत शिरलो. मागून म्हातारा काहीतरी ओरडत होता. मी वळून त्याला हात केला. शुक्रान, शुक्रान!

गाडीतून उतरताना अण्णांनी गोळ्यांची डबी बॅगेतून काढली होती. त्यांच्या बिनबाह्यांच्या स्वेटरला खिसा नव्हता. मी म्हणालो, ‘‘असू द्या माझ्याकडे.’’

पहिली दहा मिनिटं बरी गेली. अण्णांची चाल हळू होती, पण चुकत नव्हती. ओल्या दगडावर पाय कसा ठेवायचा हे बंदरावरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. मी मात्र दोनदा बसकण मारली. तिसऱ्यांदा फ्लोटरचा पट्टाच तुटला.

‘‘बांधा तुम्ही. मी तो पुढचा खडक बघून येतो,’’ अण्णा म्हणाले.

मी टॉवेलच्या काठाची चिंधी फाडून चप्पल पायाला बांधली. गाठ मारून मान वर केली, तर पुढचा खडक जागेवर नव्हता. धुकं खाली उतरलं होतं. घळ नाही, वाट नाही, अण्णा नाहीत. माझे स्वतःचे पायसुद्धा धूसर दिसत होते.

‘‘अण्णा!’’

माझा आवाज समोरच्या कड्याला आपटून परत आला. मी पुन्हा ओरडलो. पुन्हा तेच. धुक्यात माणूस हरवला तर आपण जागचं हलू नये, एवढं कळत होतं. पण बायपास झालेला सासरा हरवला तर काय करावं हे कुणी शिकवलेलं नसतं. फोनसाठी खिशात हात घातला आणि फोनच्या आधी हाताला लागली ती डबी. छोटीशी, प्लास्टिकची. आत गोळ्या खडखडल्या.

तो आवाज मला अजून ऐकू येतो.

गोळी जवळ हवी ती त्यांच्या, आणि ती घेऊन मी उभा होतो. फोनला रेंज नव्हती. स्क्रीनवर मेधाचा शेवटचा निरोप होता: ‘अण्णांच्या पायाला पाणी लागू देऊ नकोस.’ त्याखाली मी पाठवलेलं उत्तर: अंगठा.

मी वर धावलो. चिंधीने बांधलेली चप्पल चार पावलांतच निसटून गेली. धावलो म्हणजे दोन हात आणि एका चपलेवर जमेल तसा सरपटलो. गुडघा फुटला. ओरडून ओरडून घसा बसला. एकदा वाटलं की डावीकडे कुणी खोकलं. तिकडे गेलो तर शेळी. मेधाला काय सांगायचं याची वाक्यं डोक्यात आपोआप जुळायला लागली आणि त्यातलं एकही वाक्य शेवटापर्यंत जाईना. तेवढ्यात मागे दगड वाजले. वळून बघतो तर धुक्यातून आधी एक कुऱ्हाड आली.

खरं सांगतो, मी दोन्ही हात वर केले. टॉवेल गळून पडला.

कुऱ्हाडीमागून दाढी आली, दाढीमागून घोंगडी. मघाचाच म्हातारा. माझ्याकडे ढुंकूनही न बघता त्याने विचारलं, ‘‘बुड्ढा किधर?’’

हिंदी! मी नुसतं वर बोट दाखवलं. त्याने जर्झने दोन दगड चाचपले, एक ओला ठसा पाहिला आणि डावीकडच्या कपारीकडे वळला. मी मागे. तीसेक पावलांवर एक मोठा खडक छपरासारखा पुढे आला होता. त्याच्या खाली, दोन्ही हात शर्टात खुपसून, छातीशी धरून, अण्णा बसले होते. ओठ जांभळे.

‘‘गोळी!’’ मी किंचाळलो आणि डबी उघडता उघडता निम्म्या गोळ्या सांडल्या. ‘‘आ करा! जीभ वर करा!’’

‘‘अहो, कशाला?’’ त्यांचे दात वाजत होते. ‘‘छातीला काही नाही. हात काखेत धरलेत, गरम करायला.’’

‘‘दुखत नाहीये?’’

‘‘नाही म्हणतो ना. आधी हे बघा.’’

त्यांच्या पायांशी बर्फ होता. सतरंजीएवढा तुकडा, उन्हाचा कवडसाही पोचत नाही अशा सांदीत उरलेला. वर धूळ बसलेली, एका कडेला शेळीच्या लेंड्या, खालून पाण्याची बारीक धार. मधोमध चार बोटं खुपसल्याच्या खुणा होत्या.

‘‘खालचा थर गारांचा आहे,’’ अण्णा म्हणाले. ‘‘वरचा मात्र खरा. सगळा कच्चा. पोटात नुसती हवा. आमच्या टाकीतून अशी लादी निघाली असती तर शेठने मला बंदरात बुडवलं असतं. पण हलका किती आहे! हातात घेतला तरी कळत नाही घेतल्याचं.’’

‘‘मी इतक्या हाका मारल्या, ऐकू नाही आल्या?’’

अण्णा बर्फाकडे बघत म्हणाले, ‘‘आल्या की.’’

‘‘मग?’’

‘‘ओ दिली असती, तर तुम्ही लगेच खाली नेलं असतं. म्हटलं, पाच मिनिटं बसू.’’

बारा वर्षांत पहिल्यांदा मी सासऱ्यांवर ओरडलो. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मेधाचं नाव चार वेळा आलं, मुडद्याचं एकदा. बोलता बोलता मला रडू आलं. मला त्याची लाज वाटली, म्हणून आणखी ओरडलो. अण्णा खाली बघत होते.

‘‘चुकलं माझं,’’ ते म्हणाले. ‘‘पण आता मला उठता येत नाहीये.’’

त्यांचे बूट आत भिजले होते. पाय पांढरेफटक आणि बधिर. मी बसून तळवे चोळायला घेतले, तर त्यांनी मला थांबवलं. ‘‘चोळू नका. बर्फाने बधिर झालेलं अंग चोळायचं नसतं, काखेत धरायचं. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे.’’

मी टी-शर्ट वर केला आणि त्यांचे दोन्ही पाय काखांत घेतले. श्वासच अडकला, इतके गार होते. आमच्या लग्नात याच माणसाने मला पाटावर बसवून माझे पाय धुतले होते आणि मी जावयाच्या तोऱ्यात मान ताठ ठेवून बसलो होतो. आता मी ओल्या दगडावर, फुटक्या गुडघ्याने. म्हाताऱ्याने आपली घोंगडी अण्णांच्या अंगावर टाकली आणि मला माझा फ्लेमिंगो आणून दिला. किती वेळ तसे बसलो माहीत नाही. मग अण्णा म्हणाले, ‘‘करंगळी दुखायला लागली,’’ आणि म्हातारा हसला.

‘‘दुखता? अच्छा, अच्छा. अब चलेगा.’’

म्हाताऱ्याचं नाव खमीस. त्याने अण्णांना पाठीवर घेतलं, आणि मी मागून, पडलेच तर झेलायला. खाली त्याची दगडी खोली होती. आत शेगडी, तिच्याशेजारी पोत्यावर शेळीची दोन पिल्लं. त्याने अण्णांना जाड लोकरी मोजे चढवले, आल्याचं दूध दिलं, खजूर पुढे केले. अण्णांच्या गालांवर रंग आला, तसा माझ्या जिवात जीव आला आणि त्याच्यामागोमाग राग.

‘‘बाबा, तुमको हिंदी आता है, तो पहले क्यों नहीं बोला?’’

‘‘तुम अरबी बोला. हम अरबी बोला,’’ खमीस शांतपणे म्हणाला. ‘‘हम बोला, बर्द वायिद. बर्द मतलब ठंडा. वायिद मतलब बहुत. इस्बर मतलब रुको.’’ मग त्याने पाच बोटं जुळवून तोच हात वरखाली केला. ‘‘ये भी मतलब रुको. बादल आता था. तुम हाथ हिलाया, शुक्रान बोला, भाग गया.’’

अण्णांनी दुधाचा घोट घेतला.

‘‘बर्फ व्हाइट,’’ ते हळूच म्हणाले.

मी खजूर तोंडात कोंबला.

त्या दोघांचं मात्र जमलं. अण्णांचं हिंदी माझ्या अरबीच्याच लायकीचं, पण त्यांना गैरसमज करून घ्यायची घाई नव्हती. खमीस सांगत होता की यंदा थंडी हटेना, चार पिल्लं दगावली, दारातल्या रानबदामाच्या कळ्या महिनाभर मिटलेल्याच आहेत. अण्णा सांगत होते की आपण बर्फ करायचो, रोज, गाड्या भरभरून. खमीसला ते पटेना.

‘‘रोज? अल्ला! हम पूरा जिंदगी में तीन-चार दफा देखा.’’

‘‘मी आज पहिल्यांदा,’’ अण्णा मराठीतच म्हणाले. ते खमीसला समजलं. त्याने मान डोलावली.

निघताना मोजे परत द्यायला अण्णा वाकले, तर खमीसने त्यांचा हात धरला. ‘‘रखो. नीचे भी ठंडा.’’

उतरताना अण्णांनी आकडे वाचले नाहीत. चार वळणांनी धुकं संपलं आणि खाली रास अल खैमाच्या खजुरीच्या बागा उन्हात दिसल्या. मी हीटर लावला होता. दुसऱ्याला नवल दाखवण्याची मला भारी हौस. ते दाखवताना मी त्या माणसाकडे बघायचं विसरतो. खमीसने पहिल्याच नजरेत अण्णांकडे पाहिलं होतं. मी त्याचे शब्द पकडत होतो, तेही मला हवे तसे.

‘‘मेधाला सांगू नका,’’ शारजाजवळ अण्णा म्हणाले. ‘‘उगाच तुमच्यावर येईल.’’

‘‘बघू,’’ मी म्हणालो. घर येईपर्यंत थाप तयारही होती. समुद्रावर वारा होता, एका लाटेने बूट भिजले, दगडावर गुडघा आपटला. चांगली थाप होती. सगळं बसत होतं.

मेधाने दार उघडलं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिची नजर गेली ती अण्णांच्या पायांकडे.

‘‘समुद्रावर मोजे?’’

मी तोंड उघडलं. लाट, वारा, दगड सगळं जिभेवर होतं. पण काखेत अजून तो गारवा बसला होता, आणि तिच्यासमोर उभं राहून ती लाट काही मला आणता येईना. मी तिथेच, दारात, सगळं सांगितलं. व्हिडिओपासून बर्द वायिदपर्यंत. डबी कुणाच्या खिशात होती तेही. अण्णांनी मध्ये दोनदा खाकरून पाहिलं. मी थांबलो नाही.

अण्णांना सोफ्यावर बसवून तिने मोजे उतरवले, एकेक बोट दाबून पाहिलं, मनगट धरून घड्याळाकडे बघत राहिली.

‘‘छातीत दुखलं होतं?’’

‘‘नाही.’’

‘‘अण्णा, खरं सांगा.’’

‘‘नाही गं. देवाशप्पथ.’’

‘‘उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचं. आणि ते म्हणतील तरच मंगळवारचं विमान.’’

‘‘बरं.’’

तिने त्यांचे पाय मांडीवर घेतले, मोजे पुन्हा चढवले. मोजे नीट करता करता, मान वर न करता, तिने विचारलं, ‘‘कसा होता?’’

अण्णा सोफ्यावर सरसावून बसले. चाळीस वर्षांच्या अनुभवातून ते आता काहीतरी मोठं बोलणार, असं मला वाटलं.

‘‘थंड होता,’’ ते म्हणाले.

मेधाच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याच हसण्यात ती रडायला लागली. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी स्वयंपाकघराच्या दारात एका चपलेवर उभा होतो. आत जावं की बाहेर जावं, हे मला कुणी सांगत नव्हतं.

मग तिने नाक पुसलं.

‘‘चहा टाक,’’ ती म्हणाली. माझ्याकडे अजूनही बघत नव्हती. ‘‘तीन कप.’’